ओल मुरू दे

मुंबई, २२ मे

चि. निनाद,


पेटीचे फोटो मिळाले. मोन्तेक्रिस्तो नंबर चार सिगार, २५ नग, सील शाबूत. करमाफ मर्यादाही नेमकी २५ चीच, ती पाळून तुझ्या सहकाऱ्यानं हवानाहून एवढं जपून आणलं, याचं कौतुक वाटलं. पण रविवारी मित्र जमणार आहेत आणि तेव्हा पेटी फोडायची असं तू लिहिलंस, ते वाचून लगेच कागद घेतला. मित्रांना पोटभर जेवायला घाल, पेटी दाखव हवी तर. सिगार मात्र पेटवू नकोस. निदान दोन महिने तरी नाही. फोनवर सांगितलेलं कपबशी विसळेपर्यंत विसरायला होतं. पत्र फ्रीजच्या दारावर लावून ठेवता येईल.

मामा म्हणून एक गोष्ट आधी. सिगार सिगारेटपेक्षा निरुपद्रवी असते, हा समज साफ चुकीचा आहे. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा नि घशाचा कर्करोग त्यातून होतो. तेव्हा हे वर्षाकाठी मोजक्या वेळा, गॅलरीत किंवा गच्चीवर, आणि बाळ आसपास नसताना. पेटीही बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी. तंबाखूचा एवढासा तुकडा पोटात गेला तरी लहान मुलाला तो विषासारखा बाधतो. सवय लागतेय असं वाटलं तर पेटी सरळ कोणाला तरी देऊन टाक, मला वाईट वाटणार नाही.

आता कामाचं. सिगारबद्दल जे काही शिकायचं ते फिरून फिरून ओलाव्यापाशीच येतं. सिगारमध्ये कागद नाही, फिल्टर नाही; टोपीला लावलेला झाडाच्या डिंकाचा ठिपका सोडला तर पानाशिवाय दुसरं काही नाही. आत लांब पानांचा गाभा, त्याला आवळून धरणारं एक जाडसर पान, आणि सगळ्यात बाहेर कापडाच्या सावलीत वाढवलेलं पातळ, तुकतुकीत वेष्टन. पान हवेतली ओल घेतं आणि हवेला देतंही. वेष्टन हवेला थेट लागलेलं असतं, म्हणून ते काही तासांत फुगतं किंवा आकसतं. तोच बदल गाभ्यापर्यंत पोचायला आठवडे जातात. हवाना ते पुणे या प्रवासात विमानाची कोरडी हवा, विमानतळावरचे थांबे, मग मे महिन्यातला टॅक्सीचा प्रवास, एवढं सगळं तुझ्या पेटीनं सोसलंय. आज ती सिगार बाहेरून वाळलेली आणि आतून अजून दमट असणार. पेटवलीस तर एका बाजूनं भराभर जळेल, दुसऱ्या बाजूनं विझेल, मध्येच वेष्टनाला चीर जाईल, आणि तुझे मित्र म्हणतील की एवढं नाव ऐकलं ते कशासाठी.

ही सिगार तुझ्यापर्यंत यायच्या आधी किती थांबलेली आहे ते बघ. पिनार देल रियो प्रांतात व्हुएल्ता आबाखो म्हणून भाग आहे, क्युबातलं सगळ्यात नावाजलेलं पान तिथलं. तोडलेलं पान कोठारात दीड-दोन महिने टांगून सुकवतात. मग ढीग लावून आंबवतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता धरते आणि पानातला कडवटपणा उतरतो. मग गठ्ठे बांधून ठेवायचे. झाडाच्या शेंड्याचं पान सगळ्यात जोरकस, ते गठ्ठ्यात दोन-दोन वर्षं पडून असतं. कारागीर वळायला घेतो तेव्हा पान पुन्हा दमट करावं लागतं, नाहीतर बोटांतच चुरा होईल. म्हणजे नुकत्याच वळलेल्या सिगारमध्ये जरुरीपेक्षा जास्त पाणी असतं. ते उतरावं म्हणून कारखान्यातच एक थंड खोली असते, तिच्यात सीडरच्या लाकडाची कपाटं, आणि पेटीत भरण्याआधी सिगार काही आठवडे तिथे राहतात. हे लाकूड खऱ्या देवदाराचं नव्हे; झाड महोगनीच्या, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याही कुळातलं. ओल धरून ठेवतं, बुरशीला दाद देत नाही, आणि त्याचा वास तंबाखूला मानवतो.

हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे. कारागीर ओळीनं बसून वळत असतात आणि उंच आसनावरचा वाचक त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. तुझ्या पेटीवरचा मोन्तेक्रिस्तो हा छाप १९३५ साली सुरू झाला. अलेक्सांद्र द्युमाची कादंबरी कारागिरांना इतकी आवडायची की तिचंच नाव दिलं, असं सांगतात. मला ही हकिगत फार प्रिय आहे. दिवसभर कादंबरी ऐकत कोणी तरी एकेक पान हातानं बसवलं. त्या कामाचा मान राखायचा तर आपल्या वाट्याचं थांबणं आपण करायला हवं.

पेटीच्या तळाचा जो फोटो पाठवलास त्यावर कारखान्याची तीन अक्षरं आहेत, त्यांच्याखाली महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये असतो. तुझ्या पेटीवर 'दिक' दिसतंय, म्हणजे दिसिएम्ब्रे, गेल्या वर्षीचा डिसेंबर. पेटी भरून साडेपाच महिने होताहेत. हे ताजंच म्हणायचं. पानाचं आंबणं वळल्यानंतरही आत संथपणे चालू असतं आणि त्यातून अमोनिया सुटत राहतो. पेटी उघडल्यावर नाक जवळ नेऊन बघ. नाकात झोंबणारा दर्प आला तर दोन महिन्यांचे चार कर. तो दर्प जाऊन सुक्या लाकडाचा, कोकोचा असा मवाळ वास येऊ लागला की सिगार तयार झाली असं समज. नाकावर भरवसा ठेव, दिनदर्शिकेपेक्षा ते जास्त खरं बोलतं.

आता करायचं काय, ते क्रमानं. आधी कीड. तू लहानपणी आजोळी सांगलीला यायचास तेव्हा आजीच्या हळदीच्या डब्यात एक बारीक, गोलसर, तपकिरी भुंगेरा सापडायचा, आठवतो? धण्यांत, सुक्या मिरचीतही तो होतो. तंबाखूला लागणारा भुंगेरा हाच, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. अंडी पानात शेतापासून किंवा गोदामापासून असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि २३-२४ अंशांच्या वर उबेत फुटायला लागतात. अळी आतून पान खात जाते, भुंगेरा बाहेर पडतो आणि वेष्टनाला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं. एका पेटीत एक फुटला तर बाकीच्यांचीही आशा सोडावी लागते. क्युबाहून अधिकृतपणे निघणारा माल आता गोठवूनच पाठवतात, त्यामुळे तुझ्या पेटीला धोका कमी. तरीही पुण्यातल्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ३२-३३ अंश सहज होतात, म्हणून मी असतो तर एकदा गोठवून घेतलीच असती. पेटी दोन झिपच्या पिशव्यांत घाल, एकात एक, हवा दाबून काढ. एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग किमान तीन पूर्ण दिवस फ्रीजरमध्ये, मग पुन्हा एक दिवस खाली, मग बाहेर. पायऱ्या गाळू नकोस, एकदम गोठवलं किंवा एकदम बाहेर काढलं तर वेष्टन तडकतं. आणि बाहेर काढल्यावर पेटी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड पेटीवर दव धरेल.

नंतर तिला कायमचं फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होईल. ते नको. आजचे फ्रीज आतली हवा सतत कोरडी करत असतात, आणि लसूण-कोथिंबिरीचा वास पान महिनोन्‌महिने सोडत नाही.

त्यापेक्षा एक डबा घे. रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके असलेला, प्लास्टिकचा, अख्खी पेटी आत मावेल एवढा. नवाच घे. ज्यात एकदा मसाला किंवा हिंग ठेवलाय तो कितीही धुतलास तरी उपयोगाचा नाही. पेटी आत ठेव, झाकण किंचित किलकिलं, आणि बाजूला आर्द्रता सांभाळणारी पाकिटं. या पाकिटांत मिठांचं संपृक्त द्रावण असतं, वरचा पापुद्रा पाण्याची वाफ जाऊ-येऊ देतो. हवा कोरडी झाली की पाकीट ओल सोडतं, दमट झाली की ओढून घेतं. ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारांना पुरतं, पण तुझ्या पेटीचं लाकूडही तहानलेलं असणार, म्हणून सुरुवातीला दोन टाक. पाकीट चाचपल्यावर कडक लागलं की बदलायचं. स्पंज आणि नळाचं पाणी या भानगडीत पडू नकोस, बुरशी तिथूनच येते.

पाकिटं वेगवेगळ्या टक्क्यांची मिळतात. पुस्तकांत ७० टक्के आर्द्रता आणि २१ अंश असं सांगितलेलं असतं. तो हिशेब थंड देशांतल्या घरांचा आहे. आपल्या उबदार खोलीत तेवढ्याच टक्क्यांना हवेत पाणी जास्त असतं, आणि बुरशी नि कीड दोघांचंही फावतं. तू ६५ घे.

सांगलीचं निघालंच आहे तर सांगतो, डब्याकडून मला जे हवंय ते तिथल्या हरिपूरच्या, हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवासारखं. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली मोठं पोट, तोंड बंद करून वर माती. ना उजेड, ना वारा, ना तापमानाची चढउतार. २००५ च्या पुरानं त्यांतली कितीतरी निकामी केली, पण तोवर तिथे हळद वर्षानुवर्षं भुंगेऱ्याशिवाय राहायची, कोणत्याही यंत्राविना. तुझा डबाही असाच न हलणाऱ्या हवेत ठेव. माळ्यावर नको, तिथे स्लॅब तापतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, फ्रीजच्या डोक्यावर नको, स्वयंपाकघरात तर मुळीच नको. आतल्या खोलीतल्या कपाटाचा, कुलूप लागेल असा कप्पा उत्तम.

एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक लागेल, त्याला हायग्रोमीटर म्हणतात. नव्या मापकावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच टक्क्यांनी चुकणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्याची परीक्षा मिठानं घ्यायची. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घे, वर थेंब थेंब पाणी टाक. मीठ सगळं भिजलं पाहिजे, पण विरघळता कामा नये आणि वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेव, पिशवी बंद कर, आणि रात्रभर हात लावू नकोस. भिजलेल्या मिठावरची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, खोली थोडी गार असो की गरम. सकाळी मापकानं ७१ दाखवलं तर तो चार कमी सांगतो, एवढं चिठ्ठी करून त्याच्या पाठीवर चिकटव. काम झालं.

याच कारणानं पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. बाहेरची हवा ७५ च्या वर गेली की मीठ ओल ओढायला लागतं. इथे जुलैत हवा दिवसचे दिवस ८५ च्या आसपास असते, तेव्हा मिठात तांदळाचे दाणे टाकूनही ते गोळा होतं. तुझ्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हीच आर्द्रता ३० च्याही खाली उतरते आणि जून लागला की दोन आठवड्यांत सगळं उलटतं. हे उलटणं सिगारला सगळ्यात वाईट. म्हणून जून ते सप्टेंबर डबा उगाच उघडायचा नाही, आणि मीठ गोळा झालेलं दिसलं तर त्या दिवशी मुळीच नाही.

परदेशातले जाणकार एक युक्ती सांगतात: ओढायच्या आदल्या दिवशी सिगार मोकळ्या लाकडी पेटीत बाहेर ठेवायची, म्हणजे जास्तीची ओल जाऊन ती नीट जळते. युक्ती खरी आहे, कोरड्या हवेत. आपल्याकडे श्रावणात तसं केलंस तर सिगार आणखी ओल पिईल. तेव्हा एक तर एसी चालू असलेल्या खोलीत ती कर, नाहीतर डब्यातून काढून थेट पेटव. डिसेंबरात पुण्याची हवा स्वतःच हे काम करते.

आठवड्यातून एकदा बघितलंस तरी भरपूर. एखादी सिगार हातात घे, पेटवायच्या टोकाजवळ अंगठा नि तर्जनीत धरून हलकेच दाब. किंचित दबून परत वर आली पाहिजे. करकर आवाज आला तर कोरडी आहे. दबलेली तशीच राहिली तर दमट. दमट सिगार कडू लागते, ओढताना गाल दुखतात, सारखी विझते. कोरडी भसाभस जळते आणि धूर जिभेला चटके देतो. अगदी वाळलेली निघाली तर तिला घाईनं ओल पाजू नकोस. गाभा तसाच राहून वेष्टन फुगतं आणि उलतं. आधी ६२ चं पाकीट महिनाभर, मग ६५. पानातलं तेल एकदा उडालं की परत येत नाही, पण ओढण्याजोगी होते.

वेष्टनावर पांढरी, उभी, केसाळ लव दिसली तर ती बुरशी. सिगार मुरल्याची खूण आहे असं कोणी छातीठोकपणे सांगेल, ऐकू नकोस. वरवर असेल तर मऊ कापडानं पुसून वेगळी ठेव. हिरवट-निळी असेल किंवा टोकातून आत दिसत असेल तर टाकून दे, किंमत बघू नकोस.

तू विचारलंस, सिगार राखायचा कोरीव लाकडी ह्युमिडॉर घेऊ का. सध्या नको. नवी लाकडी पेटी आधी स्वतः ओल पिऊन घेते. तिला ८४ टक्क्यांची पाकिटं घालून दोन आठवडे तयार करावं लागतं, आणि बहुतेक स्वस्त पेट्यांची झाकणं नीट बसतही नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना विनोदी नट मिल्टन बर्लनं १९६१ मध्ये दिलेला ह्युमिडॉर १९९६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ५,७४,५०० डॉलरना गेला. घेणाऱ्यानं आठवण विकत घेतली. पान राखायच्या कामात चारशे रुपयांचा खटक्याचा डबा त्याच्या बरोबरीनं उभा राहील.

पहिली सिगार ऑगस्टच्या सुरुवातीला काढ, त्या सहकाऱ्याला बोलाव, त्याचा मान पहिला. दुसरी दिवाळीत, तिसरी फेब्रुवारीत. प्रत्येक वेळी चार ओळी लिहून ठेव: वास कसा, जळली कशी, पहिल्या इंचात काय लागलं आणि शेवटी काय. ही एकच पेटी वर्षभरात तीन वेगळ्या चवी देते. पुस्तकातून हे कळत नाही, तुझं तुलाच कळायला हवं, आणि ते कळताना मी तिथे असावं असं फार वाटतं. जमल्यास दिवाळीला येतो.

तोवर पाकिटं आणि मापक आजच मागव. ६५ ची मागव, दुकानदार ६९ पुढे करेल. ती येईपर्यंत पेटी फ्रीजरमध्ये राहू दे, तीन दिवसांचे सहा झाले तरी बिघडत नाही. मृण्मयीला आधी सांगून ठेव, म्हणजे मटार ठेवायला ती जागा शोधेल. आईला नमस्कार. बाकी भेटीअंती.

तुझा,
मामा